कृष्णकमळातला पाचवा

निरुपमाने फोटो बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला, चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा मोजले. चारच होते.

तिने चहाचा कप बाजूला सरकवला. डावीकडून मोजले तरी चार, उजवीकडून मोजले तरी चार. एखादा मागे दडला असेल म्हणून तिने फोन तिरपा करून पाहिला, जसा काही फोन तिरपा केला की फुलाची मागची बाजू दिसते. कृष्णकमळात पाच पुंकेसर असतात. तिच्या फोटोत त्यांतला एक नव्हता. त्याच्या जागी जांभळ्या तंतूंची स्वच्छ, सुरेख झालर होती, जणू तिथे कधी कोणी नव्हतेच.

दुसरे कुठलेही फूल असते तर प्रश्न नव्हता. जास्वंदीचे केसर कोण मोजतो? मोगऱ्याच्या पाकळ्या दोन कमी आहेत म्हणून आजवर कोणी तक्रार केलेली नाही. पण कृष्णकमळ हे मोजायचेच फूल. बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात, आणि गुजराती घरातसुद्धा, ते दिसले की कोणीतरी बोट पुढे करते आणि सुरू होते. बाहेरचे शंभर जांभळे तंतू ते कौरव, आतले पाच ते पांडव, वरचे तीन ते ब्रह्मा-विष्णू-महेश. मधली हिरवी गोळी ही द्रौपदी की श्रीकृष्ण यावर मतभेद आहेत, आणि त्या मतभेदावरून दोन जावांनी एकमेकींशी बोलणे टाकलेले निरुपमाने पाहिले होते. पण पांडव पाच यावर कोणाचेच दुमत नाही.

आणि हा फोटो कालच छापायला गेला होता. साधा नाही, माणसाच्या उंचीच्या कॅनव्हासवर.

हे फुलांचे वेड तिला लागले ते सानवी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा. जाताना लेक आपला जुना फोन आईला देऊन गेली आणि त्याच्याबरोबर चिमट्याने फोनला अडकवायचे एक छोटे भिंगही. निरुपमाने ते प्रथम तुळशीवरची कीड पाहायला वापरले. मग तगरीची एक कळी पाहिली आणि स्वयंपाकाला उशीर झाला. तरसालीतल्या त्यांच्या टेनामेंटला, म्हणजे बैठ्या घराला, पुढे चार कुंड्या आणि भिंतीवर चढवलेला एक वेल, एवढीच बाग. पण भिंगातून पाहिले की ती संपतच नसे. शिकवायला कोणी नव्हते. वारा पडायची वाट पाहणे, श्वास रोखणे, मागे नवऱ्याचा, रमाकांतचा, जुना काळा रेनकोट टांगून फूल उठून दिसेलसे करणे, हे सगळे ती चुकत चुकत शिकली.

रमाकांतला तिने फोटो दाखवायचे केव्हाच सोडले होते. बाजव्याकडच्या रिफायनरीत त्याची सगळी नोकरी पाइपांचे जोड तपासण्यात गेली. त्याने नापास केलेला जोड पुन्हा पास करून घेणे कोणाला जमले नाही, असा त्याचा लौकिक होता आणि निवृत्तीनंतर तो लौकिक घरी आला होता. पोळ्या, उशीचे अभ्रे, पाहुण्यांनी लावलेली गाडी, सगळे त्याच्या नजरेखालून जाई. तिने पहिला फोटो दाखवला तेव्हा त्याने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "बरा आहे. जरा हललाय."

तेव्हापासून ती फोटो बडोद्यातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकत असे. तिथे कोणी काही हललेले पाहत नसे. सगळे हात जोडलेली चित्रे पाठवत.

कृष्णकमळाचा फोटो तिने असाच टाकला आणि मंडळाचे अध्यक्ष उदयसिंहराव यांचा फोन आला. मंडळाच्या सभागृहात व्यासपीठामागच्या भिंतीला ओल येत असे. रंग दिला तरी पावसाळ्यात ती परत येई आणि दर वर्षी तिचा आकार निराळा असे. ती झाकायला काहीतरी भव्य हवे होते. गोकुळाष्टमी जवळ आली होती, कृष्णकमळ समयोचित होते, तेव्हा तेच लावायचे ठरले. खाली नाव येणार होते. उदयसिंहरावांनी रीतीप्रमाणे मधे रमाकांतचे नाव घातले, तेव्हा निरुपमाने फार धीर करून सांगितले की चौकटीत मावणार नाही, नुसते 'छायाचित्र : निरुपमा दिघे' पुरे.

चौकटीत सहज मावले असते. पण आजवर तिने केलेल्या वस्तू लोकांनी खाल्ल्या होत्या, पांघरल्या होत्या, डब्यात भरून नेल्या होत्या. नुसती पाहण्यासाठी म्हणून तिची वस्तू कोणी पाहिली नव्हती. एकदा तरी चार माणसांनी समोर उभे राहून पाहावे, आणि ते जिने केले तिचे नाव वाचावे, एवढेच तिला हवे होते.

चूक कुठे झाली तेही तिला आता आठवले. मुंगी. फोटो काढताना ती दिसलीच नव्हती. नंतर दिसली, एका पांडवाच्या डोक्यावर चढून इकडेतिकडे पाहत असलेली. फोनमधल्या ॲपमध्ये जखमेवरच्या पट्टीचे चित्र असलेले एक बटण होते. ते दाबून डागावरून बोट फिरवले की डाग जाई आणि आजूबाजूला काय आहे ते पाहून ॲप ती जागा भरून काढी. निरुपमाचा त्या बटणावर फार जीव. त्याने तिने सांडलेले पराग टिपले होते, अळीने कुरतडलेल्या पाकळ्या सांधल्या होत्या, एका पानावरची चिमणीची शीट काढली होती. त्या दुपारी तिने मुंगीवरून बोट फिरवले. मुंगी गेली आणि जाताना पांडवाला घेऊन गेली. ॲपने शेजारचे चार-सहा कौरव उचलून तिथे उभे केले.

मूळ फोटो नव्हता. फोन सारखा जागा नाही म्हणून कुरकुरत होता, म्हणून तिने तो पुसला होता. आणि पुसलेले जिथे पडून राहते ती टोपलीही रिकामी केली होती, कारण टोपली भरलेली ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते.

तिने आधी घडियाळी पोळमधल्या कॅनव्हास छापणाऱ्या कुणालभाईंना फोन लावला. ते म्हणाले, अजून छापलेले नाही, दुसरा फोटो शुक्रवारपर्यंत आला तर तोच छापू. "शांति राखो ने, बेन," असेही म्हणाले. निरुपमाच्या जिवात जीव आला. मग, निदान खरे सांगून टाकावे म्हणून, तिने उदयसिंहरावांना फोन केला.

उदयसिंहरावांचे पणजोबा संस्थानात खासगी खात्यात होते, आणि त्यांच्याशी बोलताना आधी पणजोबांवरून जावे लागे. तिथून बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बरं झालं फोन केलात. अनावरणाच्या वेळी मी स्वतः समजावून सांगणार आहे. हातात काठी घेऊन, एकेक करून मोजून दाखवणार. आजकाल पांडव किती हे विचारलं तर पोरं मोबाइल काढतात."

"साहेब, मी त्या फोटोबद्दलच जरा..."

"नाव मोठ्या अक्षरात घातलंय. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

निरुपमाने फोन ठेवला. आता काठी घेऊन मोजणार होते.

एकच उपाय होता, नवा फोटो. वेलावर या हंगामातली शेवटची कळी फुगून तयार होती आणि ती दुसऱ्या दिवशी उमलणार हे नक्की होते. प्रश्न होता चिमणाबाईंचा. शेजारच्या चिमणाबाई रोज पहाटे आकडी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन निघत आणि गल्लीतल्या सगळ्या कुंपणांवरची फुले पूजेसाठी गोळा करत. देवाचे काम असल्यामुळे विचारायचा प्रश्न येत नसे. निरुपमाचे फोटो काढायचे वेळापत्रकच मुळी चिमणाबाई उठायच्या आत असे बसवलेले होते. या वेळी तिने काही नशिबावर सोडले नाही. संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन हात जोडून सांगितले की मावशी, उद्या तेवढे कृष्णकमळ राहू द्या.

"अगं, ठेवीन की," चिमणाबाई म्हणाल्या. "तू नुसतं सांगायचं."

सकाळी निरुपमा भिंग, रेनकोट आणि पाणी फवारायची बाटली घेऊन बाहेर आली, तर वेल मोकळा. ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात फाटक वाजले आणि चिमणाबाई पिशवी छातीशी धरून आत आल्या.

"पलीकडच्या गल्लीतली ती नवी बाई पण येते आता फुलांना," त्यांनी आवाज खाली आणून सांगितले. "म्हटलं, तिनं नेलं तर निरुपमाचा फोटो राहील. म्हणून काढूनच आणलं बघ."

कृष्णकमळ पिशवीच्या तळाशी होते. त्याच्यावर कण्हेर, तिच्यावर जास्वंद आणि सगळ्यांवर चिमणाबाईंचा छत्रीचा दांडा. निरुपमाने ते दोन बोटांत धरून अलगद वर काढले. पाकळ्या मुडपल्या होत्या, पण ते चालले असते. पांडव तीन उरले होते. बाकीचे दोघे पिशवीत तगरीखाली सापडले.

तिने चिमणाबाईंना चहा केला. दुसरे काय करणार? चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारले, तुझा फोटो झाला असेल तर फूल नेऊ का. निरुपमा म्हणाली की त्यात दोघे कमी आहेत. "असू दे," चिमणाबाई म्हणाल्या. "देव काय मोजत बसतो का?"

देव मोजत नसेल. उदयसिंहराव मोजणार होते.

त्या दिवसापासून निरुपमा स्वयंपाकघरात, कुकरच्या आडोशाला फोन ठेवून बसू लागली. रमाकांतला कळू द्यायचे नव्हते. त्याला कळले असते तर तो काही बोलला नसता, फक्त तो जोड तपासताना मान जशी एका बाजूला करायचा तशी केली असती, आणि ते तिला सहन झाले नसते. तो पाणी प्यायला आला की ती फोन उलटा ठेवी आणि कोथिंबीर निवडू लागे. त्या आठवड्यात त्यांच्या घरात फार कोथिंबीर निवडली गेली.

आधी तिने फोटोतल्याच एका पांडवाची नक्कल करून, ती फिरवून रिकाम्या जागी ठेवली. मोजणीला ते बरोबर पाच भरले. पण चौघांवर ऊन उजवीकडून पडले होते आणि याच्यावर डावीकडून; चौघांची सावली एकीकडे, याची भलतीकडे. परगावच्या लग्नात चुकून जेवायला बसलेल्या माणसासारखा तो दिसत होता. ती सावली पुसायला गेली तर खालचा कौरवांचा एक गट गेला. तिने सगळे उलटवून पुन्हा चारावर आणले.

मग बंगळुरूला फोन केला. सानवीने ऐकून घेतले आणि म्हणाली की आई, आता बोटाने कोण करतं, एआयला सांगायचं. फोटो द्यायचा, काय हवं ते शब्दांत लिहायचं, ते करतं. निरुपमाने फोटो दिला आणि व्यवस्थित मराठीत लिहिले, 'यात पाचवा पांडव घाल.'

थोड्या वेळाने फोटो आला. फुलाच्या मध्यभागी, हिरव्या गोळीवर एक पाय रोवून, मुकुट घातलेला, दंड फुगवलेला, झुपकेदार मिशांचा एक इसम उभा होता. हातात गदा होती. चेहऱ्यावरून तो या जागी आल्याबद्दल समाधानी दिसत होता.

तिने तो सानवीला पाठवला. पलीकडून नुसते हसणे ऐकू येत राहिले. आई हसत नाही हे लक्षात आल्यावर ते थांबले.

"आई, अगं त्याला पांडव म्हटलं तर तो पांडवच आणणार. पुंकेसर लिही."

पुंकेसर लिहिल्यावर सात आले, आणि कोणी न मागता एक फुलपाखरू. तिने लिहिले, पाच हवेत आणि फुलपाखरू नको. पाच झाले. फुलपाखरूही गेले आणि त्याच्याबरोबर वरच्या तिघांतला एक. आता जे दोघे उरले होते त्यांत ब्रह्मदेव होते की नव्हते हे सांगणे अवघड होते. निरुपमाने कुकरवर कपाळ टेकले. सुदैवाने तो गार होता.

शेवटी सानवीलाच आठवले की गेल्या वर्षी आईने याच वेलावरच्या दुसऱ्या फुलाचा फोटो तिला पाठवला होता. तिने तो शोधून धाडला. अंधूक होता, किंचित हललेला होता, पण पाची जण हजर होते आणि ऊन उजवीकडून होते. निरुपमाने त्यातला एक बोटाने कडेकडेने कापला, या फोटोत आणून बसवला, रंग जरा चढवला, कडा जरा पुसली. दुरून पाहिले तर तो पांडव होता. जवळून पाहिले तर आजारातून उठलेला पांडव होता. पण होता. तिला रडू आले.

कुणालभाई फोन उचलत नव्हते, म्हणून शुक्रवारी दुपारी ती रिक्षा करून घडियाळी पोळमध्ये गेली. दुकानाचे शटर अर्धे खाली होते आणि कुणालभाई एकटेच आवराआवर करत होते. तिने फोन पुढे केला आणि नवा फोटो आणलाय म्हणून सांगितले.

"अरे बेन," कुणालभाई म्हणाले, "ए तो गयुं."

सातम-आठम तोंडावर आली होती आणि त्यांचे कामगार सणाला गावी जायला निघाले होते. ते गेल्यावर काम अडू नये म्हणून त्यांनी निरुपमाबेनचे काम सगळ्यांत आधी काढले, म्हणजे त्यांना ताटकळावे लागायला नको. छापले, चौकट चढवली, आणि उदयसिंहराव स्वतः गाडी घेऊन येऊन काल घेऊन गेले. पुन्हा छापायचे तर यंत्र होते, चालवणारा नव्हता. तो गोध्र्याच्या पुढे कुठेतरी बसमध्ये होता.

निरुपमा पायरीवर बसली. कुणालभाईंना वाटले ती आनंदाने बसली. ते म्हणाले की फोटो त्यांना इतका आवडला की एक लहान प्रत त्यांनी नमुना म्हणून दर्शनी काचेत लावली आहे, आणि त्यांनी हौसेने तिकडे बोट केले. काचेत, एका बाळाच्या बारशाच्या फोटोशेजारी, तिचे कृष्णकमळ झळकत होते. रस्त्यावरून जाणारे एक आजोबा नातीला कडेवर घेऊन उभे होते आणि बोटाने कौरव-पांडव दाखवत होते. निरुपमाने दुसरीकडे तोंड फिरवले.

गोकुळाष्टमीच्या संध्याकाळी अंग मोडून आल्याचे सांगून घरी राहायचा तिचा विचार होता. पण रमाकांत नवा सदरा घालून, स्कूटर पुसून, दारात उभा होता. आजवर मंडळाच्या कार्यक्रमाला तो कधी वेळेवर निघाला नव्हता.

सभागृह भरले होते. निरुपमा तिसऱ्या रांगेत कडेला बसली, म्हणजे उठून जायचे झाले तर जाता यावे. रमाकांत मागे दाराशी उभा राहिला. पडदा ओढला गेला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम वा निघाले. फूल खरोखरच सुंदर दिसत होते. काळ्या रेनकोटाचा काळोख, त्यात निळ्या-जांभळ्या तंतूंचे चक्र, एकेका तंतूवर पाण्याचा थेंब. खाली एकटे तिचे नाव. आणि फोनवर मुंगीएवढी असलेली ती रिकामी जागा इथे हातभर होती.

उदयसिंहराव पणजोबांपासून निघाले. निरुपमा मनात म्हणत होती, आजोबाही येऊ देत, चुलतेही येऊ देत, लाइट जाऊ देत. लाइट गेलेही, पण सभागृहाचा इन्व्हर्टर चांगला होता. मग त्यांनी काठी उचलली.

"हे बाहेरचे कौरव. शंभर. हे मोजायला नकोत, हे सगळीकडे असतात," ते म्हणाले. लोक हसले. "आणि हे आतले पांडव. म्हणा माझ्याबरोबर. एक."

"एक," सभागृह म्हणाले.

"दोन."

"दोन."

तीन झाले, चार झाले. काठी पुढे सरकली, जांभळ्या झालरीवरून गेली, थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. एक फेरी मारून ती पहिल्या पांडवापाशी परत आली. उदयसिंहरावांनी चष्मा वर केला आणि कॅनव्हासच्या अगदी जवळ तोंड नेले. निरुपमाने डोळे मिटले आणि पर्स घट्ट धरली. आता ते वळतील, आता विचारतील, आणि उद्यापासून बडोद्यात तिची ओळख काय असेल ते तिला स्पष्ट दिसू लागले.

"पाच."

आवाज मागून, दाराकडून आला होता. मोठा नव्हता, पण तपासून झाल्यावर देतात तसा होता. तो रमाकांतचा होता.

"पाच," सगळे सभागृह म्हणाले.

उदयसिंहराव सरळ झाले. त्यांनी सभागृहाकडे पाहिले, फोटोकडे पाहिले, आणि काठी त्या रिकाम्या जागेवर ठामपणे टेकवली. "पाच," ते म्हणाले. "आणि हे वरचे ब्रह्मा-विष्णू-महेश."

नंतर लोक फोटोपाशी गर्दी करून उभे राहिले. आज्यांनी नातवंडांना उचलून दाखवले. तरुण मुलींनी फोटोबरोबर स्वतःचे फोटो काढले. जो तो बोट पुढे करून मोजत होता आणि प्रत्येकाचे पाच भरत होते. निरुपमा त्यांच्या मागे उभी राहून पाहत होती. हायसे वाटायला हवे होते. पण एकाचेही बोट चारावर अडखळत नव्हते. एवढ्या माणसांनी एवढा वेळ तिचा फोटो पाहिला आणि कोणी पाहिलाच नाही. पाढा म्हणत होते नुसते. फुलाच्या जागी कोबी टांगला असता तरी पाच भरले असते.

तिला ते सहन होईना. ती उदयसिंहरावांपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "साहेब, खरं सांगते, चारच आहेत. एक माझ्या हातून पुसला गेला."

"निरुपमाबाई," उदयसिंहराव मायेने म्हणाले, "इतका नम्रपणा बरा नव्हे." आणि पुढच्या वर्षी कमळ लावू या म्हणाले.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली आणि स्कूटर मकरपुऱ्याच्या रस्त्याला लागली. रस्ता ओला होता, रमाकांत सावकाश चालवत होता.

"तुम्ही पाच म्हणालात," ती म्हणाली.

"हं."

"दिसले तुम्हाला पाच?"

"चार दिसले," रमाकांत म्हणाला. "तू ग्रुपवर टाकलास ना, त्याच दिवशी दिसले."

स्कूटर खड्ड्यातून गेली. निरुपमाने त्याचा खांदा धरला तो सोडायला विसरली.

"ग्रुपवरचे फोटो बघता तुम्ही?"

"सगळे बघतो. मोठे करून बघतो," तो म्हणाला. "ती गोकर्ण सगळ्यांत छान होती. जास्वंदीवरचा मावा पुसलास ते कळत होतं, पण सफाईनं पुसलास."

"मग हे का नाही बोललात? मी मरत होते तिकडे."

"आधी वाटलं, फोटोग्राफीत असं असेल. कला म्हणून एखादा काढून टाकत असतील. मला त्यातलं काय कळतंय." त्याने एका गाईला वळसा घातला. "मग तू जेवेनाशी झालीस, तेव्हा कळलं की चूक आहे. तोवर कॅनव्हास मंडळात पोचला होता."

तिला त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटला. तिने तो घातलाही, पण हळूच, कारण तो गाडी चालवत होता.

"आख्ख्या नोकरीत मी एक खोटा जोड पास केला नाही," रमाकांत म्हणाला. आवाज खरोखर दुखावलेला होता. "रिटायर झाल्यावर ही वेळ."

पुढे तरसालीचे दिवे दिसू लागले.

"कुठला गेला असेल गं?" त्याने विचारले.

"कुठला म्हणजे?"

"पाचांतला. माझ्या मते सहदेव. त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

"नकुल गेलाय," निरुपमा म्हणाली. "सहदेव डावीकडचा."

"असं कोणी ठरवलं?"

"मी," ती म्हणाली. "फोटो माझा आहे."